कोंबडा कुणी काढला नाही

बोलता बोलता माणूस स्वतःचंच वाक्य खोडतो, हे मी त्यांच्याकडं पहिल्यांदा पाहिलं. खोली बघायला गेले होते. छावणीतलं बैठं घर, पुढं कडुनिंब, मागं भाड्याची एक खोली. ते दारात उभे होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. मी नमस्कार केला. ते "सलाम" म्हणाले आणि लगेच स्वतःच्याच खोलीची बदनामी करायला लागले.

"पश्चिमेच्या भिंतीला ओल आहे. पंखा आवाज करतो. नळाला पाणी कधी येईल ते देवालाही ठाऊक नाही. खोडून वाच. देवाला ठाऊक आहे, नळ सोडणाऱ्याला ठाऊक नाही."

मी म्हणाले, "काका, खोली द्यायची हाय का नाय तुम्हाला?"

"द्यायची आहे. पण मागाहून तू म्हणशील, सांगितलं नव्हतं."

मी राहिले. ओल होती. पंखा आवाज करत होता. दुसरी खोटं बोलणारी खोली शोधण्यापेक्षा ही खरी बरी, असं मला वाटलं.

त्यांची सगळी नोकरी कोर्टाच्या नक्कल विभागात गेली होती. निकाल लागला की पक्षकाराला त्याची प्रत हवी असते. हर्सूलच्या जेलातल्या माणसाच्या बायकोला हवी असते, जमिनीसाठी भांडणाऱ्या भावाभावांना हवी असते. ती प्रत करणारा हा माणूस. आधी हातानं, मग टाइपरायटरवर. तिथला नियम असा की चुकलं तर खरडायचं नाही, पांढरं लावायचं नाही. एकच आडवी रेघ मारायची, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर शब्द लिहायचा आणि सही करायची. दुसरा नियम रुजवातीचा. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं नकलेवर बोट फिरवत ताडून बघायचं. ज्यानं नक्कल केली त्यानंच रुजवात घ्यायची नाही, माणूस दुसरा पाहिजे.

ते निवृत्त झाले, नियम निवृत्त झाले नाहीत. लग्नाची पत्रिका आली तर तिची रुजवात. वाणसामानाच्या यादीची रुजवात. बायको वारलेली, मूलबाळ नाही, तेव्हा दुसरा माणूस म्हणून मी सापडले. आणि तोंडून चुकीचं काही गेलं की ते गिळत नसत, सावरत नसत. "खोडून वाच," म्हणत आणि बरोबर वाक्य सांगत. खालचं अक्षर ऐकणाऱ्याला दिसलंच पाहिजे.

भाडेकरार लिहिताना त्यांनी मलाही पकडलं. वडिलांच्या व्यवसायाच्या जागी मी लिहिलं होतं, व्यापार.

"कसला व्यापार?"

"कांद्याचा. वैजापूरला."

"गाळा कितवा?"

गाळा नव्हताच. माझे वडील वैजापूरच्या मार्केट यार्डात मापाडी होते. दुसऱ्यांचा कांदा काट्यावर तोलायचे. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, बी. ए. झालेली, मराठी टायपिंगची परीक्षा पास झालेली, आणि कॉलेजात तीन वर्षं मी सगळ्यांना व्यापार असंच सांगितलं होतं.

"मापाडी आहेत," मी म्हणाले.

"मग मापाडी लिही. काटा मारणारा माणूस... खोडून वाच. काटा धरणारा माणूस व्यापाऱ्यापेक्षा खालचा आहे, असं तुला कुणी शिकवलं? कॉलेजात?"

मी रेघ मारली, मापाडी लिहिलं, सही केली. इतका राग आला होता की पेनाची निब कागदात घुसली. तेव्हापासून ते मला ग्रॅज्युएट म्हणायला लागले. "ए ग्रॅज्युएट, दूध उतू चाललंय." चेष्टा होती, पण माझ्या बापानंसुद्धा हा शब्द माझ्यासाठी इतक्यांदा वापरला नव्हता. मला तो आवडायचा.

दिवसा मी एका झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करायचे. रविवारी दुपारी काकांची रुजवात. चर्चच्या उपासनेहून आले की ते मटणाचा रस्सा करत, मला जेवायला घालत, आणि मग त्यांच्या शास्त्राचं जाडजूड छापील पुस्तक माझ्या मांडीवर ठेवत. ते स्वतः एका लांब रजिस्टरात त्या शास्त्राची हातानं नक्कल करत होते, रोज एक पान, मनाला येईल त्या भागातलं. इथं रीत उलटी, ते आपली नक्कल वाचायचे, मी छापील ओळीवर बोट ठेवायचं.

आमच्या घरी पोथी लाल फडक्यात असते. हात धुतल्याशिवाय तिला शिवत नाहीत. धर्माचं पुस्तक म्हणजे त्यात चांगल्या माणसांच्या चांगल्या गोष्टी असणार, अशी माझी समजूत. आणि एका रविवारी काकांनी वाचलं की देवाचा लाडका राजा गच्चीवर फिरत असताना त्यानं शेजारची बाई आंघोळ करताना पाहिली, तिला बोलावून घेतलं, आणि तिचा नवरा लढाईत पुढच्या रांगेत मरेल अशी तजवीज केली. मी बोट उचललं.

"काका, हे तुमच्या शास्त्रात हाय?"

"बोट ठेव. ओळ चुकेल."

"आवो पण त्यानंच भजनं लिहिलीत ना? मागच्या महिन्यात वाचली आपण."

"त्यानंच."

पुढं तर देवाच्या माणसांनी दारू पिऊन नागडं पडणं, भावाला विकणं, बायकोला बहीण म्हणून सांगणं, सगळं बोटाखालून गेलं. मी सुन्न होत गेले. शेवटी एकदा सरळ विचारलं.

"काका, हे माणसांनीच लिहिलंय ना? मग देवाचं कशावरून?"

त्यांनी लाल पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "पुस्तक स्वतःच म्हणतं की ते देवाच्या प्रेरणेनं लिहिलेलं आहे."

"असं कुणीबी म्हणंल."

"बरोबर. स्वतःबद्दलच्या म्हणण्याला कोर्टात अर्ज म्हणतात, पुरावा म्हणत नाहीत. पुढचं ऐक. लिहिणारे कितीतरी. कुणी मेंढपाळ, कुणी वैद्य, कुणी मासे धरणारा. शेकडो वर्षांचं अंतर, एकमेकांची तोंडं न पाहिलेले, तरी सगळ्यांचा ओघ एकाच बाजूला. हे एक. आमच्या प्रभूनं त्याच्या आधीच्या लेखांना देवाचा शब्द मानलं. आम्ही प्रभूला मानतो, मग त्यानं मानलेलं कसं टाकणार? हे दोन. आणि हे वाचून माणसं बदलली, दारुडे सुधारले. खोडून वाच. काही सुधारले. पाळकसाहेब ही सगळी कारणं सांगतात आणि मला ती पटतात."

"मग देवानं सांगितलं आन् ह्यांनी लिहून घेतलं? तुमच्या स्टेनोसारखं?"

"नाही. अक्षर ज्याचं त्याचं. वैद्य आजाराबद्दल लिहितो तेव्हा वैद्यासारखा लिहितो. मेंढपाळ मेंढपाळासारखा. माझ्या नकलेत ळ माझा वाकडा असतो, हुकूम साहेबांचा असतो."

"साहेबबी चुकत्यात."

"म्हणून वरचं कोर्ट असतं. ह्याच्या वर कोर्ट नाही."

"ते तुम्ही मानता."

"मानतोच. सिद्ध झालं असं मी कुठं म्हणालो?" मग ते पुढं झुकले. "पण मला धरून ठेवलंय ते वेगळ्याच कारणानं. माणसाच्या हातात कागद दिला की तो काय करतो, ते मी जन्मभर बघितलं. दुसऱ्याचा गुन्हा चार पानं, स्वतःचा अर्धी ओळ, आणि तीही 'नजरचुकीने'. ह्या पुस्तकात उलटं आहे. ज्या शिष्यानं चर्चची पहिली मंडळी उभी केली, त्याच्याचबद्दल लिहिलंय. प्रभूला धरून नेलं तेव्हा हा अंगणात शेकत बसला होता. कुणीतरी विचारलं, तू त्याच्यातला ना? हा म्हणाला, मी त्या माणसाला ओळखत नाही. तीनदा म्हणाला. मग कोंबडा आरवला. प्रभूनं आधीच सांगितलं होतं, कोंबडा आरवण्याआधी तू मला तीनदा नाकारशील. ग्रॅज्युएट, हे लिहिलं गेलं तेव्हा त्याला बापासारखं मानणारी माणसं होती. एकालाही वाटलं नसेल का, हे पान काढून टाकू? वाटलंच असेल. तरी काढलं नाही. वरून कुणी हात धरल्याशिवाय माणसाच्या हातून हे होत नाही."

मी काही कमी नव्हते. म्हणाले, "लोक चांगले दिसायला बी चुका सांगत्यात काका. मी लई भोळा, मी लई तापट."

ते हसले. "त्या गोड चुका." आणि मग त्यांनी एकदम रजिस्टर मिटलं. त्या रविवारी रुजवात अर्ध्यावर राहिली.

त्यांच्या बायबलाच्या सुरुवातीला कोरी पानं होती, घराण्याच्या नोंदीसाठी. जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू. अशी पानं ख्रिस्ती घरांत असतात, हे मला तिथंच कळलं. इतर घरांत नुसत्या तारखा असतील. काकांच्या पानावर आजोबांच्या नावापुढं होतं: दारू सोडली, पुन्हा धरली. वडिलांच्या पुढं: आईवर हात उचलत. मी पुसायला पुस्तक काढलं होतं, तशीच फडकं धरून उभी राहिले. आमच्या घरात असली वाक्यं मनातसुद्धा कुणी म्हणत नाही. आणि त्याखाली एका नावावर आडवी रेघ होती, काकांची सही होती, आणि शेजारी तेच नाव पुन्हा लिहून परत सही. खोडलेलं नाव आणि परत लिहिलेलं नाव एकच.

"ही कोण?"

"बहीण," ते म्हणाले. "दूध बघ."

पुढच्या वर्षी त्यांच्या चर्चचा मोठा वर्धापनदिन आला. स्मरणिका काढायचं ठरलं. सगळ्यात जुने सभासद म्हणून इतिहास काकांनी लिहायचा, टायपिंग मी करायची. याच सुमारास त्यांनी मला मुकुंदवाडीला पाठवलं. स्टेशनजवळ ब्लाउज शिवायचं दुकान, तिथली बाई माझी भाची, तिला वर्धापनदिनाची पत्रिका दे, पुस्तक द्यायचं आहे म्हणून सांग. एवढंच सांगितलं.

पन्नाशीची बाई. तोंडात टाचणी. पत्रिका वाचून तिनं टाचणी काढली.

"माझ्या आईचं नाव न्हवतं म्हणं ह्यांच्या रजिस्टरात. मंग माझं कसं आलं पाकिटावर?"

मला काही माहीत नव्हतं. मी म्हणाले, "ताई, म्हातारा माणूस हाय. एकदा या."

"बघते," ती म्हणाली आणि मशीन सुरू केली.

इतिहासाची पानं एक एक करून येत होती. पहिले पाळक, दुष्काळातली शाळा, घंटा कुठून आणली. मी टाइप करत होते. आणि एका दुपारी दुकानात, गिऱ्हाइकांच्या गर्दीत, हे पान माझ्यापुढं आलं. ते मला पाठ आहे.

"मी मंडळीचा सेक्रेटरी असताना माझ्या बहिणीचा मृतदेह टेम्पोतून कबरस्थानाच्या फाटकाशी आला. तिने दुसऱ्या धर्माच्या माणसाशी लग्न केले होते. सोबत तिचा नवरा, दोन शेजारी आणि सहा वर्षांची मुलगी होती. आईच्या शेजारी जागा मिळावी अशी तिची इच्छा होती. मंडळीचे रजिस्टर माझ्याकडे होते. तिचे नाव त्यात होते. मी म्हणालो, नाव नाही. निदान फाटक उघडा, सावलीत ठेवू द्या, असे ते म्हणाले. मी म्हणालो, किल्ली माझ्याकडे नाही. किल्ली माझ्या खिशात होती. टेम्पो वळून गेला. तिचे मुकुंदवाडीच्या स्मशानात दहन केले. मी घरी येऊन जेवलो."

माझी बोटं कीबोर्डवर थांबली. गिऱ्हाईक म्हणालं, मॅडम, माझं आधार कार्ड. मी त्याच्याकडं बघत राहिले. ज्या माणसानं मला मापाडी लिहायला लावलं, माझ्या तापात रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवल्या, तो हा माणूस.

घरी येऊन विचारलं, "काका, कारण नाय लिहिलं? का केलं ते?"

"कारण वकील लिहितो. साक्षीदारानं काय झालं तेवढं लिहावं."

"आवो पण छापून येणार हे. बाहेरगावचे पाहुणे येणार. तोंडानं सांगा भाचीला, घरात बसून."

"तोंडानं सांगितलं की मी वाढवतो नाहीतर घटवतो. आजवर तीनदा दुकानाच्या दारातून परत आलोय. लिहिलेलं तिच्या हातात पडलं पाहिजे. आणि त्या दिवशी फाटकावर मंडळी होती, मी मंडळीसमोर खोटं बोललो. मग मंडळीच्याच पुस्तकात आलं पाहिजे."

मी पान टाइप करून ठेवलं. पण माझं मन बोलत राहिलं.

छापायची तारीख आली तेव्हा त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्यानं अक्षर दिसत नव्हतं. शेवटची प्रत वाचायची होती. ते म्हणाले, "नक्कल तुझी, रुजवातही तुझीच. नियमात बसत नाही. पण तू आहेस म्हणून चालेल."

दुकानातून आणलेल्या लॅपटॉपवरची प्रत मी वाचत गेले, ते पडून ऐकत होते. त्या पानाशी आले तेव्हा मी त्यांच्या हातचा कागद उचलला आणि तो वाचला. आवाज हलला नाही. ते म्हणाले, "पुढं."

स्क्रीनवर ते पान नव्हतं. मी आदल्या दिवशीच काढून टाकलं होतं. मोकळ्या जागेत गायकवृंदाचा फोटो बसवला आणि खाली एक ओळ भरायला हवी होती म्हणून काकांबद्दल माझ्या मनानं लिहिली. मला कुणी सांगितलं नव्हतं. कुणी धमकी दिली नव्हती. मला तो माणूस आवडत होता, एवढंच. म्हाताऱ्या माणसाकडं लोकांनी तसं बघावं हे मला सोसवणार नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, माझ्याइतकं शहाणं त्या घरात कुणी नाही, असंही वाटत होतं. आंधळ्या माणसाच्या कानात मी एक वाचलं आणि छापायला दुसरं दिलं.

वर्धापनदिनाला उपासना झाली, स्मरणिका वाटली गेली, मग अंगणात प्रीतिभोजन. म्हणजे सगळ्या मंडळीनं एकत्र बसून जेवायचं. माझं निम्मं लक्ष फाटकाकडं. ती येणार नाही असं मी धरून चालले होते. ती आली. चप्पल न काढता फाटकाच्या आत दोन पावलं, तिथंच उभी.

तिनं तिथल्या एका पोराला काकांचं विचारलं, आणि काकांनी तिला आवाजावरून ओळखलं. पट्टी निघाली होती, पण नजर अजून बसली नव्हती. त्यांनी स्वतःच्या हातानं पुस्तक तिला दिलं.

"पान त्रेचाळीस," ते म्हणाले. "मोठ्यानं वाच. इथंच वाच."

मी पत्रावळी धरून उभी होते. तिनं पान काढलं आणि वाचलं, लहान मुलं वाचतात तसं, शब्द तोडून.

"मंडळीचे माजी सेक्रेटरी या नात्याने त्यांनी रजिस्टर व कबरस्थानाची किल्ली अनेक वर्षे निष्ठेने सांभाळली."

ती माझी ओळ होती.

तिनं ती मनातल्या मनात पुन्हा वाचली असावी, कारण ओठ हलले. मग ती म्हणाली, अगदी हळू, "ह्याच्यासाठी बोलावलं व्हय मामा? मी होते टेम्पोत. आईचे पाय माझ्या मांडीवर होते."

पुस्तक तिनं जेवणाच्या टेबलावर, वरणाच्या पातेल्याशेजारी ठेवलं आणि वळली.

काकांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. पहिल्यांदा ते फटका बसल्यासारखे झाले. मग माझ्या दिशेनं मान वळली.

"ग्रॅज्युएट. पान बदललंय?"

"मी काढलं."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाय."

"मूळ कुठं आहे?"

मूळ कागद कधी फाडायचा नसतो, हे त्यांनीच मला शिकवलेलं. खोलीत ठेवला तर कुणाच्या हाती लागेल म्हणून मी तो पर्समध्ये घेऊन फिरत होते. "माझ्याकडं हाय."

"तिला थांबव."

मी पळाले. फाटकाबाहेर रिक्षाला हात करत होती, तिचा तोच हात मी धरला. "ताई, ते पान मी काढलंय. त्यांनी लिहिलं होतं, सगळं लिहिलं होतं. शिव्या द्यायच्या तर मला द्या, पण ऐकून जा." तिनं माझ्याकडं असं बघितलं की अजून आठवलं तरी मान खाली जाते. पण ती आली.

काकांनी टेबलावरचं पुस्तक चाचपून घेतलं, पान त्रेचाळीस उघडून तिच्यापुढं धरलं. "ह्या ओळीवर बोट ठेव," ते तिला म्हणाले. मग मला, "वाच. मूळ वाच."

भरल्या अंगणात मी वाचलं. पहिल्या दोन वाक्यांपर्यंत लोक जेवत होते. मग थांबले. पाळकसाहेबांच्या हातात वाढायचा डाव होता, तो तसाच राहिला. तिचं बोट माझ्या ओळीवर सरकत होतं. "किल्ली माझ्या खिशात होती," मी वाचलं तेव्हा बोट 'निष्ठेने'वर होतं, तिथंच राहिलं. "मी घरी येऊन जेवलो," मी वाचलं आणि कागद खाली केला.

मग तिनंच विचारलं.

"कुठल्या खिशात व्हती?"

"डाव्या."

"व्हय," ती म्हणाली. "डावा हात खिशात घालूनच बोलत होता तुम्ही. मी बघत होते. हात बाहेर काढला तर मी कागद देणार होते, आईनं लिहून ठेवलेला."

म्हणजे तिला माहीत होतं. इतकी वर्षं तिला माहीत होतं की तिथं काहीतरी होतं, खिशात. काका उभेच होते.

"हे पान मला द्या," ती म्हणाली.

"मूळ देता येत नाही," काकांच्या तोंडून गेलं. सगळ्या नोकरीत हजारदा म्हटलेलं वाक्य. "नक्कल मिळेल." आणि मग, "खोडून वाच. मूळ तिला दे. नक्कल आपण ठेवू."

तिनं कागदाची घडी केली, ब्लाउजात ठेवली आणि गेली. जेवली नाही. माफ केलं असंही म्हणाली नाही. मी वाट बघत होते. तेही बघत होते.

दुसऱ्या दिवसापासून राहिलेल्या सगळ्या प्रती ओसरीवर आणल्या. दिलेल्याही घरोघर जाऊन मागून घेतल्या. काही जण म्हणाले, कशाला आता, झालं ते झालं. एकानं प्रत दिलीच नाही, म्हणाला, असलं वाचायला आम्ही चर्चला येत नाही. काका प्रत्येक प्रतीत माझ्या ओळीवर लाल रेघ मारायचे. मी पट्टी धरायची, कारण त्यांना ओळ दिसत नव्हती. ते सही करायचे, समासात मलाही सही करायला लावायचे. मग मागच्या कोऱ्या पानावर मी ते सगळं हातानं लिहायचं. ते मला एक शब्द रागाचा बोलले नव्हते, त्याचाच मला त्रास होत होता.

"काका, शिव्या तरी द्या," मी म्हणाले.

त्यांनी पेन थांबवलं. "तू मला विचारायचीस, देवाचं कशावरून. मी इतकं बोललो, पण पुरावा तू दिलास. तू शिकलेली. मूळ कागद न फाडणारी. माझ्यावर माया केलीस म्हणून पान काढलंस. खोडून वाच. पान काढलंस आणि वर स्तुती घातलीस. माणूस हेच करतो, मीही केलं असतं. त्या शिष्यावर माया करणारे काय कमी होते? किती हातांतून ते पुस्तक गेलं असेल. कोंबडा कुणी काढला नाही." मग म्हणाले, "पट्टी सरळ धर."

मी ख्रिस्ती झाले नाही. त्यांनीही कधी तसं सुचवलं नाही. ते पुस्तक देवाच्या प्रेरणेनं लिहिलं गेलं की नाही, हे मला सांगता येत नाही. माझ्या हाती असतं तर ते तसं राहिलं नसतं, एवढं मात्र मला पक्कं माहीत आहे.

काकांनी आईच्या कबरीच्या दगडावर बहिणीचं नाव कोरून घेतलं. भाची दोनदा आली. पहिल्यांदा दगड बघून परस्पर गेली. दुसऱ्यांदा जेवली.

पुढच्या उन्हाळ्यात काका गेले. कबरस्थानाहून परत आल्यावर ती आणि मी त्यांच्या खोलीत बसलो. पुस्तक तिथंच होतं. घराण्याच्या पानावर काकांनी आपलं नाव, जन्म, बाप्तिस्मा, लग्न लिहून ठेवलं होतं, मृत्यूची जागा कोरी. रक्ताचं म्हणून आता तिनंच लिहायचं. मी तिला निळं पेन दिलं. तिनं तारीख लिहिली. मग पुढं लिहिलं: किल्ली खिशात असताना नाही म्हणाले. नंतर स्वतः सांगितलं.

मला म्हणायचं होतं, ताई, पहिलं वाक्य राहू द्या, आजच्या दिवशी तरी. तोंडापर्यंत आलं होतं.

तिनं पुस्तक माझ्याकडं वळवलं. "बघ, बरोबर हाय का."

मी बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं. बरोबर होतं.